अंगठ्याचे बावन्न मायक्रोग्रॅम

"आधी हात मागे बांध. मग श्वास सोड. मग आत ये."

मोठे साहेब जाऊन बारा वर्षं झाली, तरी शेवटच्या खोलीच्या दारात पाऊल ठेवताना तिला हा आवाज रोज ऐकू यायचा. साहेबांचा आवाज एरवी जाड, कायम सर्दी झाल्यासारखा. पण या तीन वाक्यांपुरता तो इतका खाली यायचा, की आत कुणाचं तान्हं निजलं असावं. ती हात मागे बांधायची, श्वास सोडायची आणि मगच आतलं दार ढकलायची.

वजनं तपासायची ती प्रयोगशाळा. दुकानांतली, कारखान्यांतली, औषधं बनवणाऱ्यांची वजनं इथे यायची आणि खरी की खोटी ते ठरून परत जायची. इमारत लांबट, खोल्या एकामागे एक. रस्त्याकडची पहिली खोली किलोची. तिथे वीस-वीस किलोची लोखंडी वजनं ढकलगाडीवरून यायची, माणसं एकमेकांच्या नावानं ओरडायची, चहाचे कप तराजूच्या कठड्यावरच ठेवायची. तिच्या आत ग्रॅमची खोली. तिथे आवाज निम्म्यावर यायचा. त्याच्या आत मिलीची. तिथे लोक खुणांनीच बोलत. आणि सगळ्यांत शेवटी दोन दारांची, बिनखिडकीची, दगडी ओट्याची मायक्रोची खोली.

कामावर रुजू झाली त्या दिवशी साहेबांनी तिला या खोल्यांमधून चालवत नेलं आणि चालता चालताच शिकवणी घेतली. किलो म्हणजे हजार. एक खोली आत आलं की हजारानं भागायचं. मिली म्हणजे हजारावा भाग, मायक्रो म्हणजे दहा लाखावा. मग हेक्टो, डेका, डेसी, सेंटी ही मंडळी कुठे राहतात, असं तिनं भीत भीत विचारलं होतं. शंभर, दहा, दहावा भाग, शंभरावा भाग, असं साहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं आणि म्हणाले, त्यांना आपल्याकडे खोली नाही, येता-जाता लागतात तेवढी. ते कुणीतरी ऐकलं, आणि कॉरिडॉरमधल्या झाडू-बादलीच्या कपाटाचं नाव हेक्टो पडलं ते पडलंच. हेक्टोतून फडकं आणा म्हटलं की नव्या माणसाची तारांबळ उडायची.

ती किलोच्या खोलीतून सुरुवात करून अकरा वर्षांत मायक्रोपर्यंत पोचली. बाकीच्यांची बढती होते तशी शून्यं वाढतात, हिची मात्र घटत गेली, असं किलोवाले तिला चिडवत. तिला सगळे मायक्रोताई म्हणत, आणि तिला ते नाव मनातून आवडत असे. खोली तिच्या स्वभावाला मानवली होती. रोज पहाटे उठून, हात जोडून, डोळे मिटून अर्धा तास बसायचं हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. तेवढ्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही आणि तिनं पाणीही प्यायचं नाही. मागणं फार नसायचं. आज माझ्या हातून कुणाचं माप कमी पडू देऊ नकोस, एवढंच. मायक्रोच्या खोलीतही तसंच बसायला लागे. काचेच्या पेटीतल्या तराजूवर चिमट्यानं वजन ठेवायचं, झरोका बंद करायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत गप्प बसायचं. माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा त्या तराजूला कळते.

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. त्याच्या टेपला सेंटीच्या खाली फारसं काही नव्हतं आणि त्याचं अडतही नव्हतं. अर्धा सेंटी इकडचा तिकडे झाला तर माणूस पोट आत घेतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. बायको भाजीत मीठसुद्धा चमच्यानं मोजून घालते आणि तरी भाजी अळणीच होते, हे त्याचं ठरलेलं गाऱ्हाणं. त्यावर ती नुसती हसायची.

त्यांना एकच लेक. ती सहा वर्षांची असताना एकदा शाळेला अचानक सुट्टी मिळाली, नवरा कापड आणायला गावाबाहेर गेलेला, म्हणून हिनं तिला कामावर आणलं आणि हेक्टोपाशी स्टुलावर बसवून ठेवलं. पोरगी अर्धा तास बसली. मग हात मागे न बांधता, श्वास न सोडता सरळ मायक्रोच्या खोलीत शिरली आणि ओट्यावरचं एक ग्रॅमचं वजन दोन बोटांनी उचललं. एवढंसं, चकचकीत, डोक्याला इवलीशी गुंडी असलेलं वजन. तिनं ते अंगठ्यानं चोळून पाहिलं आणि विचारलं, "आई, हे कुणाचं बाळ आहे?"

उघड्या हातानं वजनाला शिवणं हे त्या खोलीतलं सगळ्यांत मोठं पाप. बोटाचं तेल धातूवर बसतं. आईनं लेकीला बाहेर नेलं, परत येऊन वजन तोललं. एक ग्रॅमवर बावन्न मायक्रोग्रॅम. त्यातलं एक ग्रॅम सरकारचं, बावन्न मायक्रो लेकीचे. स्पिरिटचं फडकं हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली आणि तिच्यानं ते पुसवेना. का, ते तिला धड सांगताही आलं नसतं. लेक तर दाराबाहेर पाय हलवत बसली होती, दोन्ही अंगठ्यांसकट. तिनं साहेबांना खरं ते सांगितलं. साहेब रागावतील असं वाटलं होतं. ते नाकातल्या नाकात हसले आणि म्हणाले, कामाच्या संचातून ते बाजूला काढ, सुटं ठेव. पुसायचं की नाही ते तू बघ, पण वहीत जे आहे तेच लिही.

तिनं तेच लिहिलं. वर्षातून एकदा, कडाक्याच्या थंडीच्या पंधरवड्यात, प्रयोगशाळेतल्या मूळ वजनांची मोजणी व्हायची. त्या दिवसांत खोलीचा पारा हलत नसे. तेव्हा पुढच्या तिन्ही खोल्या बंद, फोन बाहेर, आणि ती आत एकटी. बाकी वजनं झाली की शेवटी ती ते सुटं वजन काढायची. दुसऱ्या वर्षी सत्तेचाळीस. मग त्रेचाळीस. तेल हळूहळू उडतं, साहेबांनीच सांगितलं होतं. लेक वाढत होती आणि वहीतला आकडा घटत होता. तेव्हा तिला त्याचं काही वाटायचं नाही, गंमतच वाटायची.

वाटायला लागलं ते लेक गेल्यावर. एकोणिसाव्या वर्षी ती शिकायला म्हणून लांब गेली, समुद्रापलीकडे, आणि शिक्षण अर्ध्यात सोडून तिथेच एका मोठ्या बेकरीत लागली. सात हजार किलोमीटर. त्याला सात मेगामीटरही म्हणता येतं, मेगा म्हणजे दहा लाख, तेवढाच आकडा लहान दिसतो, असं ती नवऱ्याला सांगायची; आणि तो म्हणायचा, तुझ्या मेगानं विमानाचा एक तासही कमी होत नाही.

निघताना लेकीनं विमानतळाच्या काचेच्या दारापाशी थांबून विचारलं होतं, तिकडे मला बरं नसलं तर? आईनं सांगितलं, पहिल्यांदा तुला बरं नसेल ना, तेव्हा मी येईन. काम असो की काही असो. लेकीनं मान हलवली आणि गेली. आईनं वचन दिलं म्हणजे दिलं, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर आठ वर्षं झाली. लेक दोनदा येऊन गेली, तीही पहिल्या तीन वर्षांत. बेकरीची भट्टी वर्षातून एकदाच, पंधरा दिवस विझायची, आणि तो पंधरवडा नेमका मोजणीचा; ती आली तरी आई दिवसभर दोन दारांच्या आत. तू ये ना आई, असं लेक दरवर्षी म्हणायची, आणि पुढच्या वर्षी बघू, असं ही दरवर्षी म्हणायची. तीनदा नवरा एकटाच जाऊन आला. मोजणी तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हती हे खरंच होतं. पण सगळं खरं तेवढंच नव्हतं. पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी ते सुटं वजन तराजूवर ठेवून आकडा थांबायची वाट बघण्यात तिला जी ओढ होती, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. एकोणीस. पंधरा. गेल्या वर्षी अकरा. लेक आजारी पडली नाही, साधी सर्दीसुद्धा नाही, म्हणून ती रोज पहाटे आभार मानायची, आणि वचन पाळायची वेळ येत नाही याचं थोडं वाईटही वाटून घ्यायची.

यंदा मोजणीला दहा दिवस असताना मिलीच्या खोलीत कामाच्या संचातलं एक ग्रॅमचं वजन कुणाच्या तरी चिमट्यातून सुटलं आणि फरशीवर आपटून त्याला टवका गेला. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या मॅडमनी दुसरं शोधायला वह्या काढल्या. त्या तिच्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायची खोड असलेल्या. दुपारी त्या वही घेऊन तिच्या टेबलापाशी आल्या.

"ताई, हे सुटं एक ग्रॅम दरवर्षी हलकं होतंय. धातू असा झिजत नाही."

"झिजत नाहीये मॅडम. वाळतंय," ती म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. स्टूल, गुंडी, बावन्न. एकवीस वर्षांत हे तिनं दुसऱ्यांदाच कुणाला सांगितलं. मॅडम वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवत ऐकत राहिल्या. ऐकून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि अगदी हळू म्हणाल्या की वजन कामाला तर लागेल, धुवायला हवं. तिनं मान डोलावली. त्यांनी विचारलं, तुम्ही धुवाल की मी धुऊ? तिनं थोडे दिवस मागून घेतले.

संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा कुणाच्या तरी कोटाच्या बाह्या कापत होता. तिनं भाजी फोडणीला टाकली आणि तिथूनच त्याला हकिकत ऐकवली. त्याला ते वजन माहीतच नव्हतं. इतकी वर्षं आपल्या लेकीचा अंगठा सरकारी कपाटात होता हे ऐकून तो आधी हसला, मग म्हणाला, धुऊन टाक की, एवढं काय त्यात. ती म्हणाली, लेक नाही तर निदान तिचा अंगठा तरी आहे माझ्यापाशी, अकरा का होईना.

"तो अंगठा आता तसा राहिलाय कुठे," तो म्हणाला, आणि त्याची कात्री थांबली.

तिनं गॅस बंद केला. पुढच्या खोलीत येऊन त्याच्या समोर बसली आणि काही न विचारता बघत राहिली. तिच्या तसल्या बघण्यापुढे त्याचं कधीच काही चालत नसे. मग एकेक बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी, भट्टी विझवायच्या आदल्या दिवशी, शेवटचे ट्रे काढताना फडकं सरकलं आणि उजवा अंगठा तापलेल्या पत्र्याला चिकटला. जखम चिघळली, अंगात ताप भरला, चार दिवस दवाखान्यात काढले. नवऱ्याला हे कळलं ते गेल्या वर्षी, तिथे गेल्यावर, आणि तेही त्यानं हात पाहिला म्हणून. आईला सांगू नका, असं तिनं बजावलं होतं.

"आता दुखत नाही तिला," तो म्हणाला. "नवी कातडी आलीये. पण रेघ एक नाही त्यावर. इस्त्री फिरवल्यासारखा गुळगुळीत झालाय."

त्या रात्री दोघं अळणी भाजी खाऊन झोपली. सकाळी तिनं नेम केला, पण आभार मानायच्या जागी येऊन अडकली. सातशेवर दिवस ती ज्याबद्दल आभार मानत होती ते खरं नव्हतंच. लेक तापानं फणफणत होती तेव्हा ती दोन दारांच्या आत बसून तिच्या अंगठ्याचं वजन करत होती. पंधरा, असं लिहिलं होतं. तिनं ते दोनदा तपासूनही पाहिलं होतं.

तिनं लेकीला फोन लावला. तिकडे मागे भांड्यांचा आवाज येत होता. अंगठ्याबद्दल मला कळलंय, एवढंच ती म्हणाली, आणि पलीकडचा भांड्यांचा आवाज लांब गेला. लेक बहुधा बाहेर येऊन उभी राहिली.

"बाबांच्या पोटात काही राहत नाही," लेक म्हणाली.

"वर्षभर राहिलं होतं. मला का नाही सांगितलंस?"

"तू त्या पंधरवड्यात होतीस, आई. फोन बाहेर ठेवून. मी सांगितलं असतं, तर तुला काम टाकून यावं लागलं असतं, नाही तर वचन मोडावं लागलं असतं. यातलं काहीही झालं असतं तरी तू स्वतःला माफ केलं नसतंस." मग ती म्हणाली, "आणि खरं सांगू? तू काम टाकून येशील की नाही, ते मला बघायचंच नव्हतं."

लेकच पुढे म्हणाली, आता अगदी बरी आहे मी, कणीक मळते, सगळं करते, काही काळजी करू नकोस, यायची काही गरज नाही. आणि हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलून तिनं फोन ठेवला.

गरज नाही, हे शब्द घेऊन ती कामावर गेली. मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला जायचंय, मोजणीच्या आधीच. मॅडमनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मोजणी कोण करणार, असं त्यांनी विचारलं. तुम्ही, ती म्हणाली. चार दिवसांत हात बसवून देते.

त्या चार दिवसांत मायक्रोच्या खोलीत बऱ्याच वर्षांनी दोन माणसं बसली. मॅडमना सगळं पाठ होतं. कुठला उपसर्ग किती शून्यांचा, नॅनो मायक्रोच्या खाली किती, पिको त्याच्याही खाली किती, हे त्या झोपेतही सांगतील. पण चिमटा हातात आला की मनगट थरथरायचं आणि आकडा काही केल्या थांबायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कंटाळून चिमटा खाली ठेवला. हा तराजू तुमच्याशिवाय कुणाला दाद देणार नाही, असं म्हणाल्या.

"तुम्ही वाट बघताय, म्हणून हलतोय तो," ती म्हणाली. "इतकाच यावा, असं मनात धरून बसता तुम्ही. जो येईल तो येऊ दे. नुसत्या बसा."

आणि हे बोलत असताना तिला स्वतःलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण गेली आठ वर्षं दर थंडीत ती स्वतः तेच करत आली होती. निदान बारा यावा, निदान अकरा यावा, असं मनात धरून. बरं तर बरं, तराजूनं तिला खोटं कधी सांगितलं नाही.

मॅडम बसल्या. बऱ्याच वेळानं आकडा एकदा खाली गेला, वर आला आणि थांबला. मॅडमनी वहीत लिहिलं, आणि तिनं पाहिलं की त्यांचं अक्षर तिच्यापेक्षा सुवाच्य आहे.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं सुटं वजन काढलं. धुण्याआधी तोलायचं हा नियम, म्हणून तोललं. नऊ. मॅडमनी, मी बाहेर थांबू का, असं विचारलं. ती म्हणाली, नको, बघून ठेवा, पुढे तुम्हालाच करायचंय. तिनं वजन चिमट्यानं स्पिरिटमध्ये बुडवलं, हलवलं, काढलं, दुसऱ्या वाटीत बुडवलं, मऊ फडक्यावर टेकवलं, गुंडीच्या बेचक्यातून फडक्याचं टोक फिरवलं. पुसताना तिला दिसत काहीच नव्हतं. एकवीस वर्षांत तिला तो ठसा डोळ्यांनी कधी दिसलाच नव्हता. जो होता तो आकड्यात होता. वजन सुकू दिलं, पुन्हा तोललं. आकडा एकावर आला, शून्यावर आला, आणि तिथेच राहिला.

तिनं वहीत तारीख घातली, शून्य लिहिलं आणि खाली सही केली. डोळे भरून आले तेव्हा ती पटकन मागे सरकली, ओलावा तराजूपर्यंत जायला नको म्हणून. मॅडमनी वजन संचाच्या रिकाम्या खळग्यात ठेवलं. बाकीच्यांत ते ओळखू येईनासं झालं. एका दृष्टीनं ते चांगलंच होतं. वजनानं तसंच असावं.

मग तिनं विचारलं, गुळगुळीत कातडीला थंडीत भेगा पडतात का हो? मॅडम म्हणाल्या, पडत असतील, त्यांच्या आजीच्या हाताला पडायच्या. लोणी लावायच्या त्या. तिनं ते नीट ऐकून घेतलं.

घरी नवऱ्यानं तिचा जाड कोट उसवून आत अस्तर घातलं होतं. माप न घेता घातलं, आणि ते बरोबर बसलं. तिकडच्या स्टेशनातून बाहेर कसं पडायचं, कुठल्या रंगाची बस, बेकरीचं मागचं दार कुठे, हे सगळं त्यानं कापडावर आखायच्या खडूनं एका कागदावर काढून दिलं. लेकीला कळवू का, असं त्यानं तीनदा विचारलं. ती म्हणाली, कळवलंत तर ती नको म्हणेल, आणि तिनं नको म्हटलं तर मला थांबावं लागेल. त्यालाही ते पटलं. या खेपेला त्याच्या पोटात गोष्ट राहते की नाही ते बघू, असं ती म्हणाली, तेव्हा तो चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

निघायच्या दिवशी सकाळी जिन्यात अजून दिवा लागलेला होता. तो बॅग घेऊन पुढे, ती मागे. खालच्या मजल्यावरची शेजारीण दूध घ्यायला दार उघडून उभी होती. एवढ्या सकाळी कुणीकडे, असं तिनं विचारलं. मोजणीचे दिवस आले ना तुमचे?

"लेकीला बरं नव्हतं," ती म्हणाली. "तिकडे चाललेय. जरा उशीरच झालाय मला."

शेजारणीनं, अगं बाई, म्हणत आणखी काही विचारायला तोंड उघडलं, तोवर ती कोटाची बटणं लावत उरलेल्या पायऱ्या उतरली होती.